पाठमोरं माप

मित्रांनो, कपडे शिवण्याचं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. खाली चिंध्या, वर कुरकुरणारा पंखा, मधे कापड बेतायचं टेबल. तिथल्या मास्तरांच्या गळ्यात लोंबणारी मी एक जुनी टेप आहे. माझे पहिले आकडे पुसट झालेत, पण मास्तर मला टाकत नाहीत. म्हणतात, "हिला सगळ्या गावाची पोटं पाठ आहेत." खरंच आहे. गिऱ्हाइकाने चोरून श्वास आत ओढला, की मला लगेच कळायचं.

मग मास्तरांच्या लेकीला परदेशात नोकरी देतो असं सांगून एकाने फसवून नेलं आणि लढणाऱ्या एका टोळीला विकलं. तिथे एकाशी तिचं बळजबरीने लग्न लावलं, तिला एक मुलगी झाली. मास्तरांचं कामातलं लक्ष उडालं आणि मी खुंटीवर धूळ खात राहिले. पुढे टोळी हरली. मायलेकी तारेच्या कुंपणातल्या तंबूत अडकल्या. अखेर सरकारने त्यांना घरी आणलं, तेव्हा मास्तरांनी मला झटकून पुन्हा गळ्यात घातलं.

नात अंगातला कोट काही काढेना. कोट कुणा मोठ्या माणसाचा, बाह्या दुमडलेला. सोमवारपासून शाळा, गणवेश तर शिवायलाच हवा. खांद्याचं माप नेहमी पाठीमागून घेतात. सवयीने मास्तर मला ताणून तिच्या मागे गेले, तशी पोर गुपचूप टेबलाखाली शिरली.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, तिथे असेच दोरी घेऊन मागून यायचे. ज्याला बांधून नेलं, तो परत दिसायचा नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. मग त्यांनी जमिनीवर फतकल मारली आणि माझं एक टोक टेबलाखाली सरकवलं.

"आजोबांचं माप घेतेस का गं? पोट सुटलंय म्हणते तुझी आई. मला नाही पटत."

बऱ्याच वेळाने इवल्या बोटांनी मला ओढलं. पोटाभोवती वेढा पडला. पोरीने ते माप चिमटीत धरून मला स्वतःशेजारी उभं केलं.

"आजोबा, तुमचं पोट माझ्या नाकापर्यंत आलं."

लेक खळखळून हसली. तिचं ते हसणं मी विसरूनच गेले होते. मग आजोबांचे कान मोजले, टक्कल मोजलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी मजा केली नव्हती.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असं लांबून आलेलं, भ्यालेलं मूल आलं, तर त्याच्या समोर बसा. घाई करू नका. तुमच्या हातातलं काहीतरी आधी त्याच्या हातात द्या.

पोरीने मला परत आजोबांच्या गळ्यात घातलं. कोट काढून माझ्या खुंटीला अडकवला. आणि आजोबांकडे पाठ करून ताठ उभी राहिली.