मोरीचा पान्हा

गोजरबाईच्या घरात कायदा एकच, आणि तोही तिनंच केलेला. कावळा शिवलेल्या बाईनं दुभत्याकडं फिरकायचं नाही. दूध, दही, ताक शिवायचं नाही, तोंडातही घालायचं नाही. नाहीतर गाय आटते! सून भागिरथी बिचारी दर महिन्याला ओसरीच्या कोपऱ्यात बसून कोरडी भाकरी गिळायची. गोजरबाईला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण दुभत्या गाईपुढं सुनेचं काय घेऊन बसलात?

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्या कायद्यानं गोजरबाईलाच धरलं. बाई पन्नाशीला टेकलेली. पाळी दोन-दोन महिने गुडूप व्हायची आणि आली की जाता जाईना. अंगाची तर अशी लाही व्हायची की पदरानं वारा घेऊन हात भरून यायचे. शेवटी ती बेलापूरच्या दवाखान्यात गेली.

"मावशी, पाळी जायची वेळ आली की असं होतं," नर्सबाईंनी गोळ्या देत सांगितलं. "आता हाडं ठिसूळ व्हायला लागतात. दूध-ताक पोटात जाऊ द्या."

"त्येच तर शिवता येत न्हाई मला!" गोजरबाई फणकारली आणि घरी येऊन पुन्हा ओसरीवर बसली.

इकडं गोठ्यात निराळाच तमाशा. मोरी गाय गोजरबाईच्या हाताशिवाय पान्हा सोडायची नाही. एरवी चार दिवस नवरा, रंभाजी, कशीबशी धार काढायचा. आता पंधरवडा उलटला, तसं मोरीनं लाथ झाडून चरवी उडवली. भरल्या चरवीचं दूध तांब्यावर आलं, तांब्याचं वाटीवर.

"आटली गं गाय!" रंभाजी वाटी दाखवत ओरडला.

मोरी गोजरबाईनं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. त्या दिवशी भागिरथीही बाहेरचीच होती. गोजरबाईनं तिच्यावर डोळे वटारले. "खरं सांग, दुभत्याला शिवलीस का?"

"न्हाई, आत्याबाई. मी न्हाई शिवले आन् तुमी बी न्हाई," भागिरथी हळूच म्हणाली. "म्हनूनच आटतीया."

गोठ्यातून मोरीनं हंबरडा फोडला.

"मरू दे तो कायदा!" म्हणत बाई उठली, ती थेट गाईपाशी. मोरीनं तिचा दंड चाटला. कासेला हात लागायचा अवकाश, चरवीत धारांचा असा आवाज घुमला की रंभाजी "आगं बया!" म्हणून मागं सरला.

गोजरबाई पेलाभर धारोष्ण दूध उभ्यानं घटाघटा प्याली. मग दुसरा पेला भरून ती ओसरीवर आली आणि सुनेला अगदी खेटून बसली. "घे."

"आत्याबाई, मी बाहेरची हाय."

"मग मी कुठली? पी म्हनते ना!"

भागिरथी प्याली. ओठांवर फेसाची मिशी उमटली, तशी दोघींना हसू आवरेना. हसता हसता गोजरबाईनं आपल्या पदरानं सुनेचं तोंड पुसलं. लग्न होऊन आल्यापासून त्या दिवसांत भागिरथीला कुणी हात लावल्याची ही पहिलीच वेळ.