फेस्टी लॅली ज्या खुर्चीवरून उठला नाही

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. अ‍ॅशच्या लाकडाची, गवताच्या दोरीने विणलेली, स्वयंपाकघरातली. माझा सध्याचा पत्ता ऐकून मात्र हुरळून जाऊ नका. मी डब्लिनच्या संसदभवनात जिन्याच्या वळणावर, तांबड्या गालिच्यावर उभी असते. माझ्या पाठीला पितळेचा सरकारी बिल्ला ठोकलेला आहे. पाहुणे मला बघून आवाज खाली आणतात आणि म्हणतात, "कुणा थोर माणसाची असेल हं." थोर माणसं माझ्यावर टेकलेली आहेत, नाही कशाला म्हणू? एकदा एक राजदूत बसला होता आणि त्याला माझ्यावर अशी झोप लागली की त्याच्या देशाशी होणारा करार दुपारऐवजी संध्याकाळी झाला. पण मी इथली नव्हे. मला गालिच्याखालची जमीन आवडत नाही. मला फरशी हवी, वर एक टेबल हवं, आणि शेजारी चहाची किटली. तेवढ्यासाठी माझा जीव तुटतो.

माझा जन्म गॉलवे परगण्यातल्या बॅलिनाश गावचा. चर्चच्या मागे एक अ‍ॅशचं झाड होतं. ते वादळात पडलं, तेही आधी दोनदा करकरून, लोकांना बाजूला व्हायला वेळ देऊन. आमचं घराणंच सभ्य. त्याच्या बुंध्याच्या हर्लिंग खेळायच्या काठ्या झाल्या आणि उरलेल्या लाकडातून पॅकी सुताराने मला घडवलं. माझ्या एका भावाने, म्हणजे काठीने, मोठ्या सामन्यात चेंडू असा टोलवला की तो अजून खाली आलेला नाही. बॅलिनाशची म्हातारी माणसं टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, ती त्याच भीतीने. खोटं वाटत असेल तर जाऊन टोप्या बघून या.

मी हेशन मंडळींच्या स्वयंपाकघरात गेले, चुलीच्या उबेला. संध्याकाळी जपमाळ सुरू झाली की आमच्याकडे माणसं खुर्चीवर बसत नाहीत, तिच्याकडे तोंड करून गुडघे टेकतात. कोपरं माझ्या विणीवर, चेहरा ओंजळीत. त्यामुळे बाकीच्या खुर्च्यांना माणसांच्या पाठी ठाऊक असतात, मला चेहरे ठाऊक आहेत. कोण खरंच प्रार्थना करतंय, कोण झोपलंय, आणि कोण शेजारणीच्या नव्या कोटाचा विचार करतंय, मी सगळं जाणून असे. घरातली धाकटी, डिम्पना, जप संपेपर्यंत माझ्या गवतातल्या काड्या उपसून चघळायची. माझी वीण उजव्या कोपऱ्यात विरळ आहे, ती तिचीच करणी. मला ती सगळ्यात आवडायची. आपल्याला कुरतडणाऱ्या माणसावर जीव का जडतो, देव जाणे!

डिम्पना मोठी झाली, तिला डब्लिनला इस्पितळाच्या मुदपाकखान्यात नोकरी लागली. निघताना तिच्या आईने मला गाडीत घातलं. म्हणाली, "परक्या गावात बसायला तरी आपलं काहीतरी असू दे." डिम्पनाने दोन खोल्या भाड्याने घेतल्या. लग्न केलं, नवरा कामाला इंग्लंडला गेला आणि तिकडचाच झाला. मागे राहिलो डिम्पना, तिची लेक मुरिन आणि मी. मुरिन माझ्यावर उभी राहून खिडकीतून बस येताना बघायची. आमचं झकास चाललं होतं.

मग घरमालकाने घर विकायला काढलं. माणूस वाईट नव्हता. नोटीस देताना त्याचे डोळे पाण्याने भरले होते. पण त्याच्या रडण्याने आमचं छप्पर काही राहिलं नाही. दुसरीकडचं भाडं ऐकूनच डिम्पना दारातून परत फिरायची. नगरपालिकेच्या घरांची रांग तर इतकी लांब की तिचं शेपूट म्हणे समुद्रात बुडालेलं होतं. तोवर सोय म्हणून मायलेकींना एका हॉटेलात खोली मिळाली. दोन पलंग आणि न्हाणीघरात किटली. टेबल नाही, चूल नाही. जेवण मांडीवर, अभ्यास गादीवर.

हॉटेलच्या व्यवस्थापकाने मला बघून हात जोडले. "बाई, बाहेरचं फर्निचर चालणार नाही. आणि येता-जाता तेवढं बाजूचं दार वापराल का? पुढच्या दाराने पर्यटक येतात."

"आम्ही काय मागच्या दाराने आलेलो दिसतो?" डिम्पना म्हणाली. पण गेली बाजूच्याच दाराने. मी तिच्या जुन्या गाडीच्या डिकीत राहायला गेले, पाय बाहेर काढून.

अशात बॅलिनाशला तिची आई वारली. घर थोरल्या भावाकडे गेलं होतं, त्याचा संसार मोठा, तिथे उंदरालाही जागा नव्हती. डिम्पना मला डिकीत घेऊनच अंत्यविधीला गेली, आणि तिथे भेटला फेस्टी लॅली.

फेस्टी आमच्या भागाचा खासदार. कुठल्याही पक्षाचा नाही, स्वतःच्याच पक्षाचा. आमच्याकडे खासदार कायदे नंतर करतो, आधी अंत्यविधींना जातो. फेस्टीचा एकही चुकत नसे. सवयीने एकदा त्याने शवपेटीतल्या माणसाचाच हात हातात घेऊन "तुमच्या दुःखात सहभागी आहे" म्हटलं, आणि पेटीतून "आभारी आहे" असं उत्तर आलं म्हणतात. मी तिथे नव्हते, म्हणून शपथ घेणार नाही.

कबरस्तानाच्या फाटकाशी तो डिम्पनाचा हात धरून म्हणाला, "डिम्पना, तुझी आई म्हणजे देवमाणूस. तिच्या हातचा सोडा-ब्रेड खाऊन मी दोन निवडणुका लढलो. आणि काय गं, डिकीत ही खुर्ची कशाला?"

"राहते ती तिथे."

"राहते?"

"मी हॉटेलात, ती डिकीत. तिचं बरं आहे खरं तर. तिला स्वतःचं दार आहे."

फेस्टी हसला नाही. टोपी काढून माझ्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "गुरुवारी संसदेत घरांवर चर्चा आहे. घर विकायचं म्हणून भाडेकरूला सरळ रस्त्यावर काढता येणार नाही, आणि हॉटेलात पडलेल्यांना वर्षाच्या आत घर द्यावंच लागेल, असं विधेयक आहे. ही मला देतेस का तेवढ्यापुरती?"

"परत आणशील?"

"तुझ्या आईच्या कबरीपाशी उभा आहे मी, खोटं बोलेन का?"

"तू कबरींपाशीच सगळ्यात जास्त बोलतोस, फेस्टी," डिम्पना म्हणाली. पण तिने मला दिलं. मित्रांनो, वर्षाच्या आत घर! मुरिनच्या अभ्यासाला टेबल, आणि टेबलाला मी. गॉलवेपासून डब्लिनपर्यंत मी तेच स्वप्न बघत आले.

संसदेच्या दाराशी मॉसी नावाचा शिपाई उभा होता. "फेस्टी, हे काय?"

"खुर्ची."

"आत खुर्च्या आहेत की. निम्म्या तर रिकाम्याच असतात."

"म्हणूनच. एक वापरातली आणली."

मॉसीने आभाळाकडे बघितलं आणि आम्ही आत गेलो. वर काचेआडच्या सज्जात डिम्पना कामावरून तशीच येऊन बसली होती. फेस्टीने मला मधल्या मोकळ्या जागेत ठेवलं मात्र, अध्यक्षांची घंटा खणखणली.

"सभागृहात वस्तू दाखवायला मनाई आहे. सन्माननीय सदस्यांनी ती बाहेर न्यावी."

"खुर्चीसाठी इतका उतावीळ झालास, फेस्टी, की घरूनच घेऊन आलास?" सरकारी बाकांवरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"अध्यक्ष महाराज, ही वस्तू नाही, आसन आहे."

"आसनावर माणूस बसलेला असतो."

"हा बघा, बसलो."

अध्यक्षांनी चष्मा पुसला, कारकुनांशी कुजबुज केली, आणि निवाडा दिला: सदस्य बसलेले आहेत तोवर ते सभागृहाचं फर्निचर. उठले की ते प्रदर्शन, आणि शिपाई ते बाहेर नेतील.

मग फेस्टी बसल्या बसल्या बोलला. इतक्या अंत्यविधींत जे कधी बोलला नव्हता ते बोलला. आवाज चढवला नाही. "ही खुर्ची आत घ्यायची की नाही यावर आपण एवढा खल केला. हिच्या मालकिणीला बाजूच्या दाराने जावं लागतं, त्यावर कुणी घंटा वाजवली नाही." उत्तराला मंत्रिमहाशय उठले. त्यांनी इतके आकडे सांगितले की त्या आकड्यांचीच घरं बांधली असती तर सगळं डब्लिन मावलं असतं. पण खाली बसताना त्यांनी माझ्याकडे एकदा चोरून पाहिलं. त्यांच्याही आजीकडे माझी कुणी बहीण असणार.

आता मतदान. तिथे मत देण्याचं बटण ज्याच्या त्याच्या बाकावर असतं. आपल्या जागेवर बसून दाबलं तरच ते धरतात. फेस्टीची जागा होती वर, मागच्या रांगेत. आणि फेस्टी होता खाली, माझ्यावर.

"फेस्टी, वर ये!" शेजारच्या बाकावरची खासदारबाई दात-ओठ खात कुजबुजली.

"उठलो तर हिला बाहेर काढतील," फेस्टी म्हणाला. "आणि हरणारच आहोत आपण. एका मताने काय होतंय?"

सगळ्यांचाच तो हिशेब होता. पण सरकारी बाकांवरच्या काही माणसांचे हात त्या दिवशी त्यांच्या पक्षाचं ऐकेनात. मी बोटं बघत होते. जी बोटं डावीकडे, नकाराच्या बटणाकडे जायची ती अडखळत होती, थांबत होती, आणि उजवीकडचं होकाराचं बटण दाबत होती. वर सज्जात डिम्पना उभी राहिली होती. ती काचेवर थापा मारत होती. आवाज खाली येत नव्हता, पण तिचा चेहरा मला लहानपणापासून पाठ आहे. ती ओरडत होती, "ऊठ, फेस्टी! ऊठ!"

मी काय काय केलं म्हणून सांगू! करकरले. डगमगले. विरळ कोपऱ्यातली काडी त्याला टोचली. लोक म्हणतात पुढाऱ्याला खुर्ची सोडवत नाही. मित्रांनो, त्या दिवशी खुर्ची जिवाच्या आकांताने पुढाऱ्याला सोडत होती. पण आम्हाला धरून ठेवायला शिकवलेलं असतं, ढकलायला नाही. तो माझ्या बैठकीच्या कडा घट्ट धरून छाती काढून बसला, आणि वेळ संपली.

फळ्यावर निकाल लागला. दोन्ही बाजू सारख्या. बरोबरी झाली की अध्यक्षांचं मत जुनं आहे तसंच ठेवण्याकडे जातं, तशी रीतच आहे. विधेयक पडलं.

फेस्टी तेव्हा उठला.

जिन्याच्या वळणावर डिम्पना उभी होती. फेस्टी मला उचलून घेऊन आला. त्याची टोपी कुठेतरी राहिली होती.

"डिम्पना, मला वाटलं..."

"क्षणभर उठायचं होतं रे. क्षणभर."

"तुझी खुर्ची राखत होतो मी."

"मला खुर्ची नको होती, फेस्टी. मला घर हवं होतं."

हे मी ऐकलं. वाईट वाटलं का? वाटलं. पण तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

आणि गंमत पुढेच आहे. अध्यक्षांनी मला एकदा सभागृहाचं फर्निचर म्हटलं होतं, ते नोंदलं गेलं होतं. डिम्पना त्या दिवशी मला तिथेच सोडून गेली, आणि सोमवारी सरकारी माणूस हातोडी घेऊन आला आणि मला बिल्ला ठोकून गेला. आता मी सरकारी मालमत्ता, परवानगीशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. फेस्टीने माझ्या सुटकेसाठी सभागृहात रीतसर प्रश्न विचारला. उत्तर आलं, बाब विचाराधीन आहे. ती अजून विचाराधीन आहे. ते विधेयक पुन्हा आणू म्हणतात, तेही तसंच. फेस्टी येता-जाता माझ्या पाठीवर हात ठेवतो, पण टेकत नाही. हल्ली मतदानाची घंटा झाली की तो सगळ्यांच्या आधी जागेवर जाऊन बसतो, आणि त्याला कुणी हसत नाही.

मॉसीने मात्र डिम्पनाला बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघ बाई, हॉटेलवाले हिला घेणार नाहीत. इथे ऊब तरी आहे. ज्या दिवशी तुझ्याकडे स्वयंपाकघर असेल, त्या दिवशी गाडीच्या टपावर बांधायला दोरी घेऊन ये. मी त्या वेळी खिडकीतून पाऊस बघत असेन. डब्लिनचा पाऊस नीट बघायचा तर पाठ वळवून बराच वेळ उभं राहावं लागतं."

तेव्हापासून ती पाहुण्यांच्या दिवशी येते. माझ्यावर बसते, बूट काढते, पाय गालिच्यावर सोडते. हॉटेल दोनदा बदललं, आताचं विमानतळाजवळ आहे. मुरिन आईपेक्षा उंच झाली आहे. ती अजून गादीवरच अभ्यास करते, आणि तिची पाठ दुखते. जाताना डिम्पना मला भिंतीशी सरळ लावते, जणू वर टेबल आहे.

मित्रांनो, जेवून उठताना आपली खुर्ची ओढत नेऊ नका, उचलून टेबलाखाली सारा. पाय आत घेऊन अंधारात उभं राहण्यात काय सुख असतं, ते तुम्हाला कळणार नाही. आणि कुणी विश्वासाने तुम्हाला आपली जागा बसायला दिली, तर मजेत बसा. पण त्याच्यासाठी उठायची वेळ आली की खुर्चीचा विचार करू नका. तिचा आशीर्वादच असतो.

आज पाहुण्यांचा दिवस. दार उघडलं की मी आधी हातांकडे बघते, दोरी आहे का. कधी पिशवी असते, कधी मुरिनचा कोट. मॉसी तिकडे उगाचच खिडकीशी जाऊन उभा राहिला आहे. ती आली. तिच्या हातात ओली छत्री आहे, आणि काही नाही.

बस, डिम्पना. जरा टेक.