नीलाबाईंची रिकामी काच

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे आणि मित्रांनो, मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. अंबाल्याच्या कारखान्यात माझी भिंगे घासली गेली, तेव्हा तिथल्या तपासनीसाने मला तीनदा परत पाठवले होते. माझा संशयी स्वभाव बहुधा तिथलाच. गेली एकवीस वर्षे मी बीडमधल्या एका लहान लॅबमध्ये आहे. मलेरियाचे जंतू पकडायचो तेव्हा माझे फार कौतुक व्हायचे. मग कॅमेऱ्याचे नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात प्लास्टिकच्या टोपीखाली गेलो. एका पावसाळ्यात भिंगावर बुरशीही चढली. पण आमच्या डॉक्टर प्रणिता मॅडम माझ्यासारख्याच शंकेखोर आहेत. नव्या यंत्रावर पाहूनही शंका उरली, की काच माझ्याखाली येते.

गेल्या वर्षी लिंबागणेशहून नीलाबाई आल्या. सोबत किराणा दुकान चालवणारा मुलगा केदारनाथ. नीलाबाईंच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती, बोराएवढी. ती साधी की कर्करोगाची, हे ठरवायचे होते. त्यासाठी बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून काचेवर पसरतात, रंगवतात आणि मग आमच्याखाली पाहतात.

नीलाबाई लिंगायत. मान मागे टाकून निजल्यावर त्यांच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी घसरून नेमकी गाठीवर आली. त्यांनी ती हाताने झाकून धरली. काढून बाजूला ठेवा म्हटले, तर हात सोडेनात. मॅडमही संकोचल्या आणि त्यांनी कडेकडेने सुई घातली. मला वाटले, बाई हट्टी आहे, काहीतरी लपवते आहे.

काचेवर नुसते रक्त आले. पेशींचा पत्ताच नव्हता. मॅडमनी लिहिले, नमुना अपुरा, सोनोग्राफीत पाहून पुन्हा सुई घ्यावी. या निकालाच्या सहा पायऱ्या असतात आणि ही अगदी पहिली. इथे गाठ चांगलीही ठरत नाही आणि वाईटही. मॅडमनी हे दोनदा समजावले, पण नीलाबाईंनी आपला तर्क आधीच लावला होता.

"रक्तच निघालं ना? मंग रक्ताचीच गाठ हाय. गेली समजा निघून."

केदारनाथला हेच ऐकायचे होते. त्याने कागदाची घडी खिशात घातली आणि आईला घेऊन तो गेला.

माझ्या मनातून ती काच जाईना. तीन महिने मी साऱ्यांवर संशय घेतला, नीलाबाईंच्या हट्टावर, रंगावर, सुईवर, मॅडमच्या घाईवर, अगदी माझ्या बुरशीच्या डागावरही. लॅबमधला जाकीर फोन लावायचा. केदारनाथ येतो म्हणायचा आणि यायचा नाही. चौथ्या खेपेला जाकीरने, फोन नेहमीसारखा स्पीकरवर ठेवून, निराळेच विचारले. मावशींना सुईचं भेव हाय, का दुसरं कायी? मग नीलाबाईंनीच फोन घेतला. लिंग अंगावेगळे करायचे नसते, आणि तुम्ही ते काढायलाच निघाला होता, असे त्या म्हणाल्या.

"काढू नका, मावशी. हातात धरून ठिवलं तर चालंल का?" जाकीरने विचारले.

"तळहातावर घेऊन तर रोज पूजा करते मी. हे तवा कावून इचारलं न्हाई कुणी?"

त्याच आठवड्यात त्या आल्या. दोरा गळ्यातून उतरवला आणि डबी डाव्या मुठीत घट्ट धरली. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत मॅडमनी सुई गाठीच्या मधोमध नेली. या वेळी पेशी भरपूर होत्या. त्यांतल्या काहींच्या केंद्रकावर गव्हाच्या दाण्यासारखी उभी रेघ होती. ती रेघ मला मुळीच आवडत नाही. मॅडमनी काच माझ्याखाली खूप वेळ पाहिली आणि पाचवी पायरी लिहिली, कर्करोगाचा दाट संशय.

शस्त्रक्रियेत अर्धी ग्रंथी काढली. कर्करोगच निघाला, पण तो ग्रंथीबाहेर गेला नव्हता. केदारनाथ मॅडमपुढे बसून रडला. पहिल्याच कागदावर भागवले असते तर, असे तो विचारत राहिला. मॅडम म्हणाल्या, चूक माझीही होती.

मित्रांनो, माझी भिंगे पुसत जा, पावसाळ्यात मला कोरडे ठेवा, हे मागणे तर आहेच. रिकाम्या काचेला चांगला निकाल समजू नका, हेही आहे. पण मनातली लाज सांगतो. तीन महिने मी नुसता संशय घेत बसलो, नीलाबाईंवर तर सगळ्यात जास्त, आणि त्याने त्यांचे काडीचेही भले झाले नाही. भले झाले ते जाकीरच्या एका प्रश्नाने. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.