गोजाबाई मेंढरं मोजत नाही

शहरात सात रस्त्याच्या चौकातल्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या जोतीरामाची कथा दिवाळी अंकाकडून दोनदा परत आली होती. दुसऱ्या खेपेला संपादकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या : ‘तुमची गोजाबाई दिसते, पण भेटत नाही. कथा सोमवारच्या टपालाने आली तर एकदा शेवटची बघू.’ जोतीरामाच्या हे जिव्हारी लागलं. तिच्या डोळ्यांवर आणि पदरावर त्याने तीन पानं खर्ची घातली होती, आणि बाई भेटत नाही म्हणे!

रविवारी तो वळसंगला घरी आला, तर रानात खतासाठी मायाक्काची मेंढरं बसवलेली. कथेतली गोजाबाई धनगरीण, मायाक्काही धनगरीण. बांधावर बसून त्याने तिला कथा वाचून दाखवली. ‘सांज झाली. गोजाबाईने मेंढरं मोजली. एक कमी भरलं,’ इथवर आला, आणि मायाक्का खो खो हसत सुटली.

“मेंढरं कुनी मोजतं व्हय रं? जेवाय बसल्यावर घरची मान्सं मोजतोस का तू?”

“मग एक हरवलंय हे कळायचं कसं?”

“कोन न्हाय ते दिसतं की! ती बघ, समद्यांच्या म्होरं घुसनारी. ही आई मेल्यापासनं माज्या पदराला तोंड लावून चालती. अन् त्यो काळ्या कानाचा लई आळशी, लिंबाखाली थांबत थांबत येतो. त्यो आला न्हाय, तर मला घास उतरत न्हाय.”

जोतीराम बघतच राहिला. अक्षरओळख नसलेल्या या बाईने एकेका खोडीवर अख्खा कळप त्याच्यापुढे उभा केला होता. त्याला तिचं भारी कौतुक वाटलं आणि स्वतःच्या तीन पानांची लाज.

त्याने डोळे खोडले, पदर खोडला. आता गोजाबाई मेंढरं कोंडायच्या जाळीच्या दाराशी नुसती उभी राहिली. सगळी आत आली. कुणी आपल्यासाठी थांबलेलं न खपणारी एक लंगडी मेंढी तेवढी आली नाही. गोजाबाईने दार लावलं नाही, भाकरीचं फडकंही सोडलं नाही. तिथेच त्याने कथा संपवली, मायाक्काला वाचून दाखवली आणि कागद पाकिटात घातले. सोमवारचं टपाल साधायचं तर पाचची एसटी गाठायची होती.

या वेळी मायाक्का हसली नाही. “कुटल्या गावची रं ही बाई?”

“कुठल्याच नाही. मी रचलेली.”

“रचलेली म्हनं! दार उगडं टाकून उपाशी बसलीया ती.” मायाक्काने डोळ्यांना पदर लावला. “पाकीट चिकटवू नगंस. आदी तिची लंगडी आन की माघारी.”

सडकेवर एसटीचा हॉर्न वाजला. जोतीरामाने पाकिटातून कागद काढले आणि पेनचं टोपण उघडलं.