हळू बोला, ती झोपलीय

"साबणाचा वास कसला येतोय?" फॉस्को जिन्यातच थांबला.

"येणारच!" वरून लाविनिया मॅडमचा आनंदी आवाज आला. "डोळा कसा आहे? या ना वर, बघाच तुम्ही. स्वतःचा माळा ओळखणार नाही!"

डोळा उत्तम होता. मोतीबिंदू काढून, खालच्या शहरात लेकीकडे तीन दिवस राहून फॉस्को सकाळच्या बसनं रोक्काव्हेंतोला परत आला होता. बस थांबते टेकडीच्या पायथ्याशी. तिथून वेशीपर्यंत चढ, वेशीतून चौकापर्यंत आणखी चढ, आणि चौकातल्या जुन्या हवेलीच्या तळघरापासून माळ्यापर्यंत एकशे चार पायऱ्या. एकोणसत्तर वर्षांचा माणूस हे सगळं रोज चढायचा आणि वर कुरकुरही करायचा नाही. आज नव्या डोळ्यानं त्याला भिंतीतला दगडन् दगड दिसत होता, त्यामुळे स्वारी खुशीत होती. साबणाचा वास येईपर्यंत.

तो वर आला. छताच्या तुळयांना सप्टेंबरपासून टांगलेले द्राक्षांचे घोस सुकून मनुकांसारखे झाले होते. शनिवारी ते पिळायचे होते. त्यांच्याखाली अकरा छोटी पिंपं असायची, काळपट, चिकट, धूळ खाल्लेली. ती आजही होती. पण पिवळीधमक. घासूनपुसून, बुचाचं भोक खाली करून, ओळीनं निथळत ठेवलेली.

त्यानं जवळचं पिंप उलटं केलं, भोकात बोट घातलं. बोट स्वच्छ बाहेर आलं. दुसऱ्यात घातलं. तिसऱ्यात. अकराच्या अकरा पिंपांत त्यानं बोट घालून पाहिलं आणि मग तो द्राक्षं पिळायच्या स्टुलावर मटकन बसला.

"मॅडम, आत होतं ते कुठाय?"

"आत? आत कुठं काय होतं? वाईन तर तुम्हीच काढलीत ना गेल्या आठवड्यात. तळाशी नुसता गाळ होता हो, काळा, चिकट. साफसफाईला बोलावलेल्या दोघा भावांनी तीन तास वाफ मारली तेव्हा कुठं निघाला. ईस्टरला माणसं येणार, म्हटलं जरा चकाचक असावं. मला तर आश्चर्यच वाटलं, इतकी वर्षं कुणी धुतली कशी नाहीत?"

त्याला गाळ म्हणणं म्हणजे विरजणाला नासलेलं दूध म्हणण्यासारखं. या गावात तिला 'आई' म्हणतात. व्हिन सांतो, म्हणजे सुकवलेल्या द्राक्षांची इथली गोड वाईन, काढून घेतली की पिंपाच्या तळाशी काकवीसारखा दाट थर उरतो. त्याच्यावर नवा रस ओतायचा, बुचावर मेण ओतून तोंड बंद करायचं आणि सहा वर्षं हात लावायचा नाही. उन्हाळ्यात माळा तापतो, हिवाळ्यात गारठतो, आणि आत ती आई आपलं काम करत राहते. पिंप फुटलं तर नवं आणता येतं, द्राक्षं गेली तर पुढल्या वर्षी येतात. आई मात्र कुणाकडून तरी मागूनच आणावी लागते.

या माळ्यावरची आई फॉस्कोच्या आईनं, इझोलिनानं आणली होती. युद्धात सैनिकांनी पिंपांवर गोळ्या झाडून सगळी वाईन जमिनीवर सांडली, तेव्हा ही बाई हवेलीत स्वयंपाकाला होती. ती माहेरी गेली, बापाच्या पिंपातली आई बरणीत घेतली, बरणी शालीत गुंडाळली आणि अकरा मैल चालत परत आली. पुढं फॉस्को चौदाव्या वर्षी कामाला लागला तेव्हा माळ्याच्या दारात तिनं त्याच्या तोंडावर बोट ठेवलं होतं. "हळू बोल. ती झोपलीय."

हेच तो गेली वीस वर्षं पाहुण्यांना सांगत होता. बसा भरभरून माणसं यायची, तळघर बघायची, लाल वाईन प्यायची आणि शेवटी माळ्यावर यायची. दारात फॉस्को तोंडावर बोट ठेवायचा. मग बरणीची गोष्ट सांगायचा.

"मॅडम, ती आई होती," तो म्हणाला. "मी सांगतो ना रोज. बरणीतली."

लाविनिया मॅडमचा चेहरा हळूहळू उतरला. हवेली चालवणाऱ्या कंपनीनं डिसेंबरात मिलानहून पाठवलेली बाई, हॉटेलं चालवण्यात हुशार, मनानं वाईट मुळीच नव्हे.

"ती... ती गोष्ट होती ना, फॉस्को?" ती म्हणाली. "मला वाटलं, पाहुण्यांना सांगायची एक गोष्ट आहे."

दिवसातून दोनदा तो ती गोष्ट परक्यांना सांगत होता, पण ज्या बाईच्या हातात माळ्याची किल्ली ठेवून गेला तिला एका शब्दानं म्हणाला नव्हता, की बाई, हे धुवायचं नसतं. मनात आलं होतं त्याच्या. तिच्या हातात किल्ली देताना आलं होतं. मग वाटलं, हे काय सांगायचं असतं? पाळण्यात मूल आहे, पाळणा उलटा करू नका, असं कुणी शेजारणीला सांगून जातं का? या गावात आजवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण न सांगताच सगळ्यांना माहीत होतं.

आणि दरवर्षी तो एक-दोन पिंपंच उघडायचा, बाकीची मेणबंद राहायची. यंदा कंपनीला ईस्टरच्या सोहळ्यासाठी जास्त बाटल्या हव्या होत्या, म्हणून अकराही उघडायची ठरली. "दोन तरी राहू द्या," तो म्हणाला होता. एकदाच म्हणाला होता. दुसऱ्यांदा म्हणायला जीभ रेटली नाही.

"माझं चुकलं," मॅडम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काय करू, सांगा ना."

तिच्यावर ओरडायलाही जागा नव्हती.

घरी येऊन त्यानं आधी दारामागचा खिळा बघितला. वाईन काढताना घातलेला एप्रन तिथं नव्हता. त्या एप्रनवर आईचे चांगले ओंजळभर शिंतोडे उडाले होते; भिजवून, पिळून काही निघालं असतं.

"नोर्मा, माझा एप्रन?"

"कपाटात. इस्त्री करून ठेवलाय," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "काय अवतार केला होतास त्याचा! दोनदा उकळला तेव्हा डाग गेले. डोळा दाखव आधी."

नोर्मा हात पुसत बाहेर आली, त्याचं तोंड बघितलं, आणि त्यानं सगळं सांगितल्यावर ती खुर्चीवर बसून ढसाढसा रडली. "मी पण मेली, आत्ताच बरा मुहूर्त सापडला मला!"

"तुझं काय चुकलं? तीन दिवसांत सगळ्या गावानं धुणं काढलं, त्याला तू काय करणार," फॉस्को म्हणाला. मग कोट न काढताच उठला. "आर्जियाकडे जाऊन येतो."

आर्जिया त्याची मावसबहीण, ब्याऐंशी वर्षांची, खालच्या वेशीजवळ राहायची. तिच्या लग्नात इझोलिनानं आहेर म्हणून काय दिलं असेल तर बरणीभर आई. ज्याच्या घरची आई मरेल त्यानं, आपल्या घरून जिला दिली तिच्या दारी जावं, ही इथली रीत. यात लाजायचं नसतं. तरीही फॉस्कोनं दारात टोपी काढून हातात धरली.

"अरे फॉस्क्या! आंधळा झालास म्हणून ऐकलं होतं!"

"आंधळा होतो, आता दिसायला लागलंय."

"मग तर वाईटच. माझ्या सुरकुत्या मोजायला आलास होय? ये, बस. कॉफी टाकते."

"कॉफी नको. आर्जिया, थोडी आई हवी होती. बरणी आणलीय."

म्हातारीचे हात ओट्यावर थांबले. "चेष्टा करतोस?"

त्यानं सांगितलं. ती ऐकत राहिली. बाहेर तिच्या पाहुण्यांच्या सुटकेसांची चाकं दगडांवर खडखडत गेली. तिच्या मुलानं, लोरिसनं, वरच्या माळ्यावर तीन खोल्या काढल्या होत्या, बाहेरून येणाऱ्यांसाठी.

"नाही रे माझ्याकडे," ती शेवटी म्हणाली. "लोरिसनं माळ्याच्या खोल्या केल्या तेव्हाच टाकली. जिथं पिंपं होती ना, तिथं आता नहाणीचा टब आहे. मीच माझ्या हातानं गुलाबांच्या मुळाशी ओतली. त्या वर्षी गुलाब काय फुलले होते, तुला काय सांगू!"

"मला का नाही सांगितलंस?"

"कशाला सांगू? मला वाटलं, तुझ्याकडे आहे. लागली तर आणू फॉस्क्याकडून. तो कुठं जातोय!" ती एकदम चिडली. "तुझ्याकडे आहे म्हणून तर टाकली ना मी! आता तूच बरणी घेऊन दारात उभा राहिलास तर मी काय करू?"

"दुसऱ्या कुणाकडे?"

तिनं बोटांवर घरं मोजायला सुरुवात केली. चुन्याच्या भट्टीवाल्यांकडे होती, ते शहरात गेले. पाद्रीबुवांच्या घरी होती, ते वारले. खिंडीतल्या जुळ्या बहिणींकडे होती, तर त्यांनीही हेच म्हटलं होतं म्हणे. फॉस्कोकडे आहे, आपण कशाला सांभाळत बसा.

तरी फॉस्को गेला. दोन दिवस तो टेकडीच्या चारी उतारांवर रिकामी बरणी घेऊन हिंडला. लोकांनी त्याला बसवलं, खायला घातलं, हळहळ केली. प्रत्येक घरात तेच वाक्य ऐकायला मिळालं. पुढं पुढं तर समोरच्यानं तोंड उघडायच्या आधीच तो मान डोलवायचा.

शनिवार काही थांबला नाही. द्राक्षं आणखी ठेवली असती तर बुरशी धरली असती. मॅडमनं कुठून तरी यीस्टच्या पुड्या मागवल्या होत्या, सोबत कागद होता, त्यावर किती पाण्यात किती मिसळायचं ते लिहिलेलं. "प्रयोगशाळेतलं आहे, खात्रीचं," ती घाबरत घाबरत म्हणाली. "वाईन होईल ना, फॉस्को?"

"होईल की. न व्हायला काय झालं?"

तो खोटं बोलला नव्हता. वाईन होणार होती. सहा वर्षांनी गोडही लागणार होती. त्यानं रस पिळला, पुड्या मिसळल्या, अकरा पिंपं भरली, बुचं ठोकली. मेण ओतताना पहिल्यांदाच थोडं बाहेर सांडलं. नव्या डोळ्याला ते फार स्पष्ट दिसत होतं.

"सोमवारी माणसं येतील," मॅडम म्हणाली. "तुम्ही नेहमीसारखंच सांगाल ना? बरणीचं वगैरे? खोटं कुठं आहे त्यात? होतीच ना ती."

फॉस्कोनं खांदे उडवले. नाही म्हटलं असतं तर तिनं तळघरात वाईन वाढणाऱ्या एखाद्या पोरीला पाठ करायला लावलं असतं. आईची गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपण सांगितलेली बरी.

ईस्टरच्या सोमवारी ऊन पडलं होतं. वीस-बावीस माणसं आली. त्यांत बोलोन्याची एक बाई होती, करड्या केसांची, गळ्यात निळा रुमाल. दरवर्षी नवऱ्याबरोबर यायची. यंदा एकटीच होती. तळघरात लाल वाईन पिताना माणसं मोठमोठ्यानं हसत होती, फोटो काढत होती. मग फॉस्को पुढं झाला आणि एकशे चार पायऱ्या चढू लागला. मागं त्यांचे पाय वाजत होते.

दाराशी पोचून तो वळला. तोंडावर बोट न्यायचं होतं, वीस वर्षांची सवय. हात अर्ध्यात थांबला.

पण त्याच्याआधीच बोलोन्याची बाई मागं वळली होती. "श्श!" तिनं सगळ्यांना दटावलं. "हळू बोला. ती झोपलीय."

जिना एका क्षणात गप्प झाला. शेवटच्या पायरीवरच्या माणसानं तर बूटही काढून हातात घेतले. माणसं एकेक करून आत आली, चवड्यांवर, श्वास धरून, पिंपांकडे बघत.

"नाही हो," फॉस्को म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "मोठ्यानं बोला. खुशाल बोला. आता चालतं."

बोलोन्याची बाई त्याच्याकडे बघून हसली, शेजारणीच्या कानाशी लागली आणि पुटपुटली, "बघतात हं परीक्षा आपली! दरवर्षी काहीतरी नवीन गंमत करतात."

"गंमत नाही बाई," तो म्हणाला. "खरंच चालतं."

तिनं लटक्या रागानं त्यालाच तोंडावर बोट ठेवून दाखवलं. हळू. आणि मग एका पिंपापाशी जाऊन तिनं त्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. तिच्या वाकलेल्या खांद्यांवरून फॉस्कोला कळलं की ती नवऱ्याची आठवण काढतेय. त्यानं टोपी काढली. बरणीची गोष्ट त्यानं सांगितली नाही आणि कुणी विचारलीही नाही. ती त्या बाईनंच बाकीच्यांना कुजबुजत सांगितली, शालीसकट, अकरा मैलांसकट, एकही शब्द न चुकता.

माणसं आली तशीच चवड्यांवर खाली उतरून गेली. चौकात पोचल्यावर त्यांचे आवाज पुन्हा मोठे झाले, ते खिडकीतून ऐकू येत होते. फॉस्कोनं सांडलेलं मेण नखानं खरवडून काढलं, टोपी घातली, आणि माळ्याचं दार नेहमीसारखंच, कडीचा आवाज न करता, हळूच ओढून घेतलं.