जड पेडल

"दाबा," डॅशबोर्डखाली डोकं खुपसून मिस्त्री म्हणाला.

"दाबलाय की," वरून दाजींचा आवाज आला.

मिस्त्रीने टॉर्च आणखी जवळ नेला. पेडलचा दांडा जेमतेम निम्मा आत गेला होता आणि तिथेच थरथरत होता.

"अजून थोडा."

"अरे, तेच तर सांगतोय तुला. पुढं जातच नाही. नुसता दगड झालाय."

मिस्त्री पाठीवर सरकत बाहेर आला. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्याकडे मोठी डिझेल पिकअप होती आणि तिच्यामागे ट्रेलरवर जनरेटर. डोंगरातल्या मोबाइल टॉवरवर, बांधकामांवर जनरेटर पोचवायचा आणि काम झालं की उतरवून आणायचा, हा त्यांचा धंदा. या आठवड्यात उतारावरच्या एका वळणावर गाडी थांबता थांबेना. गिअर पाडून, हँडब्रेक ओढून दाजींनी ती कशीबशी कठड्याला घासत थांबवली होती. बंपरचा कोपरा आत गेला होता. हे सगळं त्यांनी इतक्या सहज सांगितलं, जणू रस्त्यात कुत्रं आडवं आलं होतं.

"बूस्टर गेला असणार," ते खाली उतरत म्हणाले. "पायाला जोर मिळत नाही त्याचा."

मिस्त्रीने मान डोलावली. त्यालाही तसंच वाटलं होतं. ब्रेकला मदत करणारा तो बूस्टर म्हणजे पुढचा काळा पत्र्याचा डबा. हवा ओढून घेतो आणि पायाचा जोर कितीतरी पटीने वाढवून देतो. त्याच्या आतला रबरी पडदा फाटला किंवा पाइप गळायला लागला की पेडल जड होतं. मिस्त्री सीटवर बसला. इंजिन बंद ठेवून त्याने पेडल चार-पाचदा दाबलं, मग पाय तसाच दाबून ठेवून चावी फिरवली. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली मऊपणे खचलं, अगदी खचायला हवं तेवढंच. त्याने हवेची ओढ मोजायचा काटा लावून पाहिला, पाइप कान लावून ऐकले, चाकं काढून ब्रेक उघडले. कुठे काही नाही.

एखादा फाटका पाइप सापडला असता तर त्याला हायसं वाटलं असतं. गाडीत दोष नाही म्हटल्यावर त्याने चाकं परत बसवली.

"सापडलं?" दाजींनी विचारलं.

"बघतो," एवढंच तो म्हणाला.

दाजी पुन्हा गाडीत चढले, तेव्हा त्याने तिरक्या नजरेने पाहिलं. डावा पाय पायरीवर गेला. उजव्या पायाला मात्र त्यांनी गुडघ्याजवळ पँटला धरून वर उचललं, पोतं उचलावं तसं. मिस्त्रीने लगेच पाना शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

बोलायचं कसं? वडील गेले तेव्हा तो शाळेत दुसऱ्यांदा नापास झाला होता. दाजींनी त्याला आपल्या घरी आणलं, गॅरेजला लावलं, याच्या आधीच्या गाडीवर शिकवलं. उतारावर ब्रेक कसा मारायचा, हे त्याला त्यांनीच सांगितलं होतं: एकदम नाही, धरून नाही, गाडीशी बोलल्यासारखा. त्यांच्यापुढे त्याने आजवर आवाज चढवला नव्हता. गाडीला काही झालेलं नाही, तुमच्याच पायाला झालंय, हे सांगायला तोंड कुठून आणायचं?

दुपारी ताई दाजींचा डबा घेऊन आली. दाजी हात धुवायला मागे गेले होते.

"ताई, जरा वर बसून ब्रेक दाबतेस?"

"मी? मला काय त्यातलं कळतंय?"

"नुसता दाबायचाय."

ताई चढली, चप्पल काढली आणि पेडल दाबलं. ते सरळ आत गेलं. तिने एकदा पायाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. सांगण्यासारखं काही उरलं नाही.

"चप्पल पायातून निसटते त्यांच्या," ती खालच्या आवाजात म्हणाली. "निसटलेली कळतही नाही. तसेच चार पावलं पुढं जातात. डॉक्टरचं नाव काढलं की जेवणावरून उठतात."

"कधीपासून?"

"मला कळून बरेच दिवस झाले. आधीचं त्यांनाच ठाऊक." ती खाली उतरली. "तू त्यांना हा ब्रेक हलका करून देऊ नकोस. जड वाटला तर निदान घाबरतील."

"आणि घाबरले तरी गेले तर?"

ताईने चप्पल पायात सरकवली आणि डबा बाकावर ठेवून ती निघाली.

संध्याकाळी दाजी स्वतःच सगळं ठरवून बसले होते. कुठून कुठून विचारून आले होते. "हवेचा मोठा डबा बसव, नाहीतर सरळ हायड्रॉलिक घे. एवढं वजन ओढायचं म्हणजे तेच लागतं म्हणतात."

"हवेचा मोठा डबा बसायला जागा नाही पुढं," मिस्त्री म्हणाला. "हायड्रॉलिक बसेल. तो स्टेअरिंगच्या पंपाच्या तेलावर चालतो. हवेपेक्षा जोर बराच जास्त. पाय नुसता ठेवला तरी पुरतो."

दाजींचा चेहरा उजळला. मिस्त्रीला ते पाहवलं नाही. तो घाईघाईने पुढे बोलत राहिला, "पण पंप फिरवणारा पट्टा तुटला किंवा इंजिन बंद पडलं, तर पंप थांबतो. मग साठवलेल्या तेलावर दोन-तीनदा लागतो ब्रेक. त्यानंतर सगळा भार पायावर."

"इंजिन कशाला बंद पडतंय? तू हात लावलेलं इंजिन आहे."

आपल्यावरचा त्यांचा विश्वास मिस्त्रीला त्या क्षणी नकोसा झाला. तरी त्याने सामान मागवलं. नाही म्हटलं तर ते दुसऱ्या गॅरेजला जातील, असं त्याने स्वतःला समजावलं. ते खरंही होतं. पण मनाच्या तळाशी दुसरीच वेडी आशा होती: बसवून पाहू, कदाचित तेवढ्याने निभेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही.

बसवताना मात्र त्याने कधी नव्हे एवढा वेळ घेतला. एकेक नट आवळून झाला की पुन्हा पाना लावून बघायचा. तेलातली हवा काढली, समाधान झालं नाही म्हणून पुन्हा काढली. रात्री झोपेत त्याला कठड्याला घासणाऱ्या पत्र्याचा आवाज यायचा. फोन वाजला की उचलायच्या आधी तो क्षणभर थांबायचा.

काम झालं त्या सकाळी दोघे ट्रेलर जोडून गावाबाहेरच्या उतारावर गेले. दाजी चालवत होते. मिस्त्री शेजारी हँडब्रेक मुठीत धरून बसला होता. दाजींनी पाय ठेवला आणि एवढी मोठी गाडी मागच्या वजनासकट अलगद थांबली. त्यांनी पुन्हा वेग घेतला, पुन्हा थांबवली. कितीतरी दिवसांनी ते हसले.

"लोणी आहे रे, लोणी. उद्याच वरच्या टॉवरवर जातो. तो माणूस रोज फोन करतोय."

आता गप्प राहिलो तर उद्या ते डोंगरात असतील. गॅरेजच्या आवारात आल्यावर त्याने गाडी रॅम्पच्या उतारावर उभी करायला सांगितली. गाडीच्या आणि ट्रेलरच्या चाकांपुढे, वीतभर अंतर सोडून, त्याने लाकडी ठोकळे ठेवले.

"एक शेवटची चाचणी राहिली, दाजी. इंजिन बंद करा. गिअर काढा. हँडब्रेक सोडा. फक्त पायावर धरून ठेवा."

"हो."

"आता सोडून परत दाबा. अजून एकदा."

प्रत्येक वेळी गाडी किंचित हलायची आणि जागच्या जागी थांबायची. साठवलेलं तेल काम करत होतं.

"अजून एकदा."

या वेळी दाजींनी पाय ठेवला आणि पेडल हललं नाही. गाडी पुढे सरकली. त्यांनी दात आवळले, स्टेअरिंगला धरून अंग मागे रेटलं. पाय पेडलवरून घसरून बाजूला पडला. त्यांनी तो हाताने उचलून परत वर ठेवला. तो पुन्हा घसरला. गाडी ठोकळ्यांना टेकली आणि थांबली. एवढासा धक्का, पण ट्रेलरची साखळी बराच वेळ किणकिणत राहिली.

मिस्त्री खिडकीपाशी उभा होता. त्याने दाजींकडे पाहिलं नाही, हात आत घालून हँडब्रेक तेवढा ओढला.

दाजी म्हणाले, "तुला कधी कळलं?"

"तुम्ही गाडी आणलीत त्याच दिवशी."

"मग हे सगळं बसवलंस कशाला?"

"बोलायची हिंमत झाली नाही," मिस्त्री म्हणाला. "वाटलं, एवढ्याने भागलं तर बरं."

दाजी समोरच्या काचेकडे बघत राहिले. "मलाही तेच वाटलं," ते म्हणाले. "रात्री पलंगावर पडून भिंतीला पाय लावून दाबत होतो. तुझी ताई जागी असायची. तिला वाटायचं मला कळत नाही." त्यांनी खिडकीतून खाली चाकाकडे पाहिलं. "ठोकळे नसते तर?"

मिस्त्रीने वाकून ठोकळे चाकांना आणखी घट्ट सरकवले.

डॉक्टरांनी कमरेत नस दबल्याचं सांगितलं. ऑपरेशन झालं. दुखणं वाढायचं थांबलं, पायात थोडी ताकद आली, पण आधी यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. चालता येईल, गाडीचं विसरा. ताई डॉक्टरांच्या समोर रडली नाही. बाहेर आल्यावर तिने दाजींची चप्पल नीट केली आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

टॉवरवाला माणूस अजून वाट बघत होता. दुसरा चालक मिळेपर्यंत गाडी मी चालवतो, असं मिस्त्री म्हणाला. दाजी काठी उचलून आत गेले. जायच्या दिवशी मात्र तो पोचायच्या आधीच ते आवारात होते. ट्रेलरची साखळी, पिन, दिवे त्यांनी तपासून ठेवले होते. मिस्त्रीने पुन्हा तपासायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

दाजी काठी टेकत बॉनेटला वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले. चढायला वेळ लागला. मिस्त्री स्टेअरिंगमागे बसून आरशात बघत थांबला. बसल्यावर दाजींचा हात सवयीने उजव्या खांद्यावर सीटचा पट्टा शोधायला गेला. तिथे काही नव्हतं. हात क्षणभर तसाच हवेत राहिला, मग वळून डावीकडे गेला. त्यांनी पट्टा ओढून घेतला आणि खटका लावला.

"चल," ते म्हणाले. "आणि वळणाच्या आधीच गिअर उतरव. ब्रेकच्या भरवशावर राहू नकोस."

"हो, दाजी," मिस्त्री म्हणाला आणि त्याने चावी फिरवली.