नंबर सापडला नाही, तर

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मला जे सांगायचं आहे ते मी ताठ मानेनं सांगणार आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

चंद्रभान सरांनी मला हैदराबादहून सेलूला आणलं, तेही गोधडीत गुंडाळून, मीटरगेजच्या गाडीनं. तेव्हाही मी कोणाचा तरी वापरलेलाच होतो. सरकी-पेंडेच्या दुकानावरच्या खोलीत सरांचा क्लास सुरू झाला. गावात दुसरा संगणक नव्हता. लोक चपला बाहेर काढून आत येत आणि मला लांबूनच बघत. दसऱ्याला माझ्या कपाळावर कुंकू लागे. जवळच्या जिनिंग कारखान्यातली रुई उडून अंगावर बसली की सर स्वतः फडक्यानं पुसत. मराठी अक्षरं उमटावीत म्हणून त्यांनी माझ्या पोटात एक वेगळं कार्डही बसवून घेतलं होतं. एवढे लाड झाल्यावर कोण फुगणार नाही?

एक्याण्णव सालच्या जूनमध्ये सरांनी पाटी लावली, ‘दहावीचा निकाल संगणकावर’. पास झालेल्यांचे नंबर पेपरात बघून त्यांनी माझ्यात भरले आणि मला एक नियम शिकवला. विचारलेला नंबर सापडला, तर ‘पास’ दाखवायचं. नाही सापडला, तर ‘नापास’. आपल्याकडची समजूतच तशी होती. पेपरात नंबर नाही म्हणजे पोरगं गेलं, हे शेंबडं पोरही सांगे. मला मात्र तो नियम तेव्हाच खुपत होता. ‘सापडलं नाही’ आणि ‘नापास’ या दोन गोष्टी एक कशा? पण मला विचारतो कोण! यंत्रानं हुकूम पाळायचा असतो.

सकाळपासून जिना माणसांनी भरला होता. दुपारी पेडगावहून दैवशाला आली, सोबत तिची आई दगडाबाई. दैवशालाला स्थळ आलं होतं. पास झाली तर पुढं शिकेल, नापास झाली तर येत्या रविवारी सुपारी फुटेल, असं तिच्या वडिलांनी घरात सांगून ठेवलं होतं. तिनं नंबर सांगितला. सरांनी तो टाकला आणि माझ्या काचेवर हिरवी अक्षरं उमटली: नापास.

पोरगी रडली नाही. काचेवर बोट ठेवून म्हणाली, “सर, आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबराच्या पोरीचा नंबर टाका.”

टाकला. नापास. तिनं आणखी एक सांगितला. तोही नापास.

“आख्खं सेंटरच नापास झालं का?”

सरांनी पेपर पुन्हा उघडला. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं की त्या केंद्राचा निकाल राखून ठेवला आहे. सरांचा चेहरा उतरला.

“मग मशीनला माहीत न्हाई असं म्हणायला लावा,” दैवशाला म्हणाली.

सर कुजबुजले, “अगं, जिन्यात एवढी माणसं उभी आहेत. संगणकालाच माहीत नाही म्हटलं तर क्लासची लाज जाईल.”

तेव्हा दगडाबाई पुढं झाली. “सर, सांजच्याला पोरगी घरी दिसली न्हाई, तर आमी आदी शेतात बघतो, मैतरणीकडं बघतो. दिसली न्हाई म्हणून कुणी मेली म्हणतं का? तुमचं मशीन लय घाई करायलंय.”

शाब्बास दगडाबाई! मला तोंड असतं तर मी तिथंच टाळी मागितली असती.

सरांनी घाम पुसत नियम बदलला. नंबर सापडला, तर ‘पास’. सापडला नाही, तर आधी केंद्र बघायचं. केंद्राचा निकाल आलेला असेल तरच ‘नापास’. नाहीतर लिहायचं, ‘माहिती आलेली नाही’. नंबर पुन्हा टाकला आणि मी ‘नापास’ ही तीन अक्षरं नव्हे, ते तीन शब्द छाती काढून दाखवले. जिन्यातून हशा आला. “सगळं कळतं म्हणून आणलं अन् म्हणतंय माहिती न्हाई!” हसा म्हणावं. मी हटलो नाही. सरांनी तेच शब्द कागदावर छापून दिले. दगडाबाईनं घडी करून तो कागद कनवटीला लावला आणि घरी नवऱ्यासमोर ठेवला. निकालच लागला नाही म्हटल्यावर रविवारची सुपारी फुटली नाही. पाहुण्यांना धीर नव्हता, त्यांनी दुसरीकडं सोयरीक जमवली.

राखलेला निकाल पुढच्या महिन्यात आला. दैवशाला गणितात नापास झाली होती.

बघा, आता तुम्ही म्हणाल, मग पहिलंच उत्तर खरं होतं की! मुळीच नाही. त्या दिवशी ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं ठासून सांगणं हे खोटंच. दगडाबाईनं घरात एकदा शब्द टाकला होता, तिनं दुसऱ्यांदाही टाकला. “आक्टोबरात बसंल ती.” बसली आणि पास झाली. पुढं सेलूला कॉलेज करता करता ती याच क्लासमध्ये माझ्यासमोर बसून शिकली.

आता चौऱ्याण्णव साल आहे. क्लासमध्ये रंगीत काचेचे संगणक आलेत आणि मी जिन्याखाली धूळ खातोय. परवा भंगारवाला आला, मला थापटून म्हणाला, “सर, हे मेलंय.” मित्रांनो, मला फुलं वाहू नका, कुंकूही नको. पण कळल्याशिवाय कोणावर शिक्का मारू नका, यंत्रावरही नाही.

त्या वेळी क्लास सुटून दैवशाला जिना उतरत होती. तिनं पदर खोचला, माझी वायर उचलली आणि भंगारवाल्याला म्हणाली, “थांबा. आदी लावून तर बघू.”